आमच्या हॉलमधला युरोप

परदेशी जाऊन आलेल्यांकडे किस्से असतात, हे माहीत होतं. न गेलेल्यांकडे त्याहून जास्त असतात, हे लग्नानंतर कळलं!

सुकापूरच्या आमच्या फ्लॅटमध्ये दर रविवारी ओंकारचे, म्हणजे माझ्या नवऱ्याचे, कॉलेजातले मित्र जमतात. सगळे सॉफ्टवेअर डेव्हलपर. विषय एकच: आपल्यासाठी युरोपातला कुठला देश बरा? मीही डेव्हलपर आहे, ओंकारपेक्षा दोन वर्षं सीनियर. आत्ताच सांगून ठेवते, कारण त्या हॉलमध्ये हे कुणालाच आठवत नाही. गेलो की माझी नोकरी सुटणार, हे सगळ्यांनी धरूनच ठेवलेलं.

*

मंडळाचा अध्यक्ष सुशांत. त्याचा जीव जर्मनीवर.

"तिथे सुट्टीच्या दिवशी मॅनेजर फोन करत नाही. वर्क-लाइफ बॅलन्स म्हणतात त्याला!"

वाक्य संपतंय तोच त्याचा फोन वाजला. मॅनेजर! "हो सर, लगेच बघतो सर," म्हणत तो गॅलरीत गेला आणि वाळत घातलेल्या चादरीखाली लॅपटॉप उघडून पाऊण तास बसला.

परत येऊन म्हणाला, "कुठे होतो आपण?"

"जर्मनीत," मी म्हटलं.

*

ओंकारने एक्सेल शीट केली. आयर्लंड: इंग्रजी चालतं, घर मिळत नाही. पोर्तुगाल: ऊन छान, पगार बेताचा. हवा, भाषा, व्हिसा, मासे... आणि शेवटचा कॉलम 'बायको'. त्यात वरपासून खालपर्यंत एकच शब्द ओढलेला: अ‍ॅडजस्ट होईल.

"मला कधी विचारलंस?"

"अगं, तू कुठेही अ‍ॅडजस्ट होतेस. कॉम्प्लिमेंट आहे ती!"

कॉपी-पेस्ट केलेली कॉम्प्लिमेंट मला आयुष्यात पहिल्यांदाच मिळाली.

*

एकदा सुशांतला नेदरलँड्सच्या एका कंपनीने घरी सोडवायला टेस्ट पाठवली: तिकीट बुकिंगचा प्रोग्रॅम. चार डोकी दोन तास एका स्क्रीनवर. मी पोहे घेऊन गेले, तेव्हा प्रोग्रॅम सहाव्यांदा आडवा झाला होता.

डिश ठेवता ठेवता मी म्हटलं, "एकाच वेळी दोन बुकिंग आली की एकच सीट दोघांना जातेय. तिथे लॉक लावा."

लावलं. चाललं! टाळ्या, आरडाओरडा, एकमेकांच्या पाठीवर थापा. मग सुशांत माझ्याकडे वळला. म्हटलं, आता तरी!

"वहिनी, पोहे एक नंबर झालेत हां!"

*

शेजारच्या काकू आमच्या आईंबरोबर, म्हणजे माझ्या सासूबाईंबरोबर, सुके बोंबील निवडत बसल्या होत्या.

"तिकडं गेल्यावर तुला आराम हाय बाय. काय करशील दिवसभर?"

"कोडिंग."

"बरं हाय. तेवढाच टाइमपास!"

  आईंनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं, आणि पुन्हा बोंबलाचं डोकं मोडलं. जरा जोरातच.

*

मग मी कुणाला न सांगता अर्ज केला. ऑफिसच्या मीटिंग रूममध्ये, लंच ब्रेकमध्ये, चार इंटरव्ह्यू दिले. नेदरलँड्समधूनच ऑफर आली. रविवारी मंडळ जमल्यावर मी लॅपटॉप टीपॉयवर ठेवला आणि सांगितलं.



आठवडाभरापूर्वीच 'नेदरलँड्सला तोड नाही' म्हणणारा सुशांत पहिला सावरला. "तिथे वारा फार असतो हो वहिनी."

"आणि जेवण म्हणजे नुसता ब्रेड," दुसरा म्हणाला.

"आणि घाईत कशाला निर्णय घ्यायचा?" हे तिसऱ्याचं. दीड वर्ष रविवार फुकट घालवलेल्या माणसाचं!

ओंकारने स्क्रीनवरचं ऑफरचं पत्र दोनदा वाचलं. "अभिनंदन," म्हणाला. मनापासून म्हणाला, खोटं कशाला बोलू?  मग अगदी पडलेल्या आवाजात म्हणाला, "पण मग मी तिथे दिवसभर घरात बसून काय करू?"

 स्वयंपाकघरातून आईंचा आवाज आला.

"ओंकार, इकडं ये. तांदळाचं पीठ उकडून ठेवलंय. आजपासून भाकरी थापायला शिक."