साहेब गोड बोलले तेव्हा

"फारच छान प्रश्न विचारलात, थँक यू," एमडी साहेब फोनवर म्हणाले आणि माझ्यासमोरच्या स्क्रीनवर आमचा शेअर पडायला लागला.

अंधेरीच्या ऑफिसात कॉनकॉल चालू होता. तिमाही निकाल लागले की कंपनीचे वरिष्ठ फोनवर गुंतवणूकदारांच्या प्रश्नांना उत्तरं देतात, तो हा कॉल. तो सांभाळणं माझं काम. निकाल चांगलेच होते. बदलला होता तो साहेबांचा सूर. एरवी ते अ‍ॅनालिस्ट लोकांवर खेकसायचे. बोर्डाला ते शोभेना, म्हणून एक ट्रेनरबाई लावली. तिने साहेबांना गोड बोलायला शिकवलं आणि आज ती शेजारी बसून खूश होत होती.

तेवढ्यात बाबांचा मेसेज आला. बाबा आमच्याच मुलुंडच्या फॅक्टरीत फिटर होते. निवृत्तीची बहुतेक पुंजी याच शेअरमध्ये आहे. कॉल कुणालाही ऐकता येतो. ते दर वेळी ऐकतात.

"अगं, साहेब असे बोलत नाहीत. काय लपवताय? विकू का सगळे?"

कंपनीची आतली माहिती असलेल्या माझ्यासारखीने घरी 'विका' किंवा 'विकू नका' काहीच सांगायचं नसतं. नोकरी जाते, वर केस होते. मी फोन पालथा ठेवला. शेअर आणखी खाली गेला.

मी आमची लाइन म्यूट केली.

"साहेब, लोक घाबरलेत. नेहमीसारखं बोला ना."

"म्हणजे ओरडू?"

"हो."

पुढच्या माणसाने आधी होऊन गेलेलाच प्रश्न पुन्हा विचारला.

"आधी प्रेझेंटेशन वाचून येत जा," साहेब कडाडले. "आम्ही इथे रिकामे बसलोय का?"

पलीकडे कुणीतरी हसलं. कॉल संपेपर्यंत शेअर बराचसा सावरला. बाबांनी काही विकलं नव्हतं. मी वॉशरूममध्ये जाऊन रडले.

ट्रेनरबाई यायची बंद झाली. पुढच्या तिमाहीचे निकाल मात्र खराब लागले. कॉलआधी साहेबांनी मला विचारलं, "आज ओरडायचंय ना?" मी लाइन जोडून दिली. ते दणकून ओरडले. निकाल खराब असूनही शेअर जेमतेम हलला.

संध्याकाळी बाबांचा फोन आला.

"मी आणखी थोडे घेतले गं. साहेब ओरडले ना, मग काळजी नाही."

मला त्या गोड बोलण्याच्या दिवसापेक्षा जास्त भीती वाटली. सूर ऐकून शेअर घेऊ नका, असं आता मी भेटेल त्याला सांगते. ज्याला सांगायला हवं, त्याला मात्र सांगता येत नाही.