फिबाचं सहावं लेकरू

आमच्या फिबाची जीभ कोयत्याहून धारदार. जमैकातल्या या उसाच्या मळ्यावर तिला वचकून नव्हता असा माणूस नाही. नवराही तिच्यासमोर खोकायचा तो विचारून.

आफ्रिकेतून गुलामांची जहाजं येत होती तोवर बाळंतपणाची किंमत शून्य. "पोर वाढवण्यापेक्षा नवा माणूस विकत घेणं स्वस्त," कारभारी टर्नबुलसाहेब उघड म्हणायचा. फिबाने कळा येईपर्यंत कुदळ मारली. पहिली दोन लेकरं गेली. त्यांच्याबद्दल ती कधी बोलली नाही.

मग विलायतेत माणसांच्या व्यापारावर बंदीचा कायदा झाला, जहाजं थांबली. म्हातारे मरत होते, नवे येत नव्हते. आणि साहेबाला अचानक आमचा पुळका आला!

"फिबा, तब्येत कशी आहे?"

"गाभण गाईची विचारतात तशीच आहे, साहेब."

नवा नियम निघाला: जिची सहा लेकरं जिवंत, तिला फडातून सुटका. फिबाची होती पाच. तेवढ्यात तिची मैत्रीण क्वाशिबा तापाने गेली, मागे तान्ही बेनेबा. फिबाने तिला उचलून छातीशी लावलं. पोर चालायला लागली, तशी सहाही घेऊन ही साहेबाच्या ओसरीवर हजर. मीही मागे होते, गंमत बघायला.

साहेब म्हणाला, "ही तुझी नाही. तू कुठे जन्म दिलास?"

"मालकाने तरी आम्हाला कुठे जन्म दिलाय? तरी आम्ही त्याचीच ना?"

साहेबाचा हात चाबकाकडे गेला. फिबाने शांतपणे बेनेबाला त्याच्या कडेवर दिलं. "मग तुम्हीच सांभाळा. दगावली तर मालकाला तुम्हीच सांगा."

बेनेबाने साहेबाच्या कोटावर मनसोक्त मुतून घेतलं.

"घे ही! आणि नीघ इथून!" साहेब ओरडला. "उद्यापासून फडात दिसू नकोस!"

त्या दिवसापासून फिबा आपल्या वाफ्यात रताळी लावू लागली. तिच्या वाटणीचे ऊस लावायचे खड्डे मात्र आम्हा बायकांच्या कमरेवर आले. फडात गडी उरले होतेच किती!

"नशीबवान आहेस गं," मी एकदा कुरकुरले.

"नशीब कसलं? माझ्या थोरलीला कालच फडात तण काढायला नेलंय," ती म्हणाली आणि माझ्या हातात भाजलेलं रताळं ठेवलं. "खा, नि कमी बोल."