थांबेपर्यंत बसणारा

हातातलं घमेलं पालथं घालायचं, त्यावर रुमाल अंथरायचा, बूड टेकायचं आणि समोरच्या फिरत्या चाकाकडे पाहत म्हणायचं, “चालू द्या. मी बसतो.” त्याचं सगळं शास्त्र एवढंच.

विजेवाचून, डिझेलवाचून, बैलावाचून कायम चालणारं यंत्र आपल्याला सापडलं असं सांगणारा माणूस आमच्या भागात वर्षा-दोन वर्षांनी उगवतोच. तुमच्याकडेही उगवत असेल. शेतातल्या मोटारीला वीज केव्हा येईल याचा भरवसा नसला की अशा माणसाच्या अंगणात गर्दी जमायला वेळ लागत नाही. नारळ फुटतो, मोबाइल वर होतात, सरपंचाला खुर्ची येते. मग गर्दीतला कोणीतरी म्हणतो, “केनवडच्या बुढ्याले बोलवा रे.”

बुढा म्हणजे हा. केनवडला माझ्या लोखंडी सामानाच्या दुकानामागच्या गल्लीत एकटा राहायचा. बायको कधीची गेलेली, मुलगा पुण्याला नोकरीत. थोडी जमीन होती, ती बटाईने दिलेली. उमेदीची सगळी वर्षं त्याने रानात जागल करण्यात घालवली होती. मचाणावर बसायचं आणि पिकात शिरणारी रानडुकरं, रोही हाकलायचे. यंत्राचं ज्ञान शून्य. सायकलची उतरलेली चेन त्याला बसवता येत नसे. बसता मात्र येत होतं.

मी एकदा विचारलं, “काकाजी, तुमी वाद काहून घालत नाई? सरळ म्हना ना, खोटं हाये.”

“डुकराशी वाद घालते काय कोनी? बसा लागते.”

“अन् त्यानं आतमंदी सेल लपवला असला त?”

“सेल बी मरन ना कधी तरी. आपल्याले कोनती घाई हाये?”

किन्हीराजा गावच्या एका तरुणाने माणसाच्या उंचीचं चाक केलं होतं. तिरप्या आऱ्या, प्रत्येक आरीत एक लोखंडी गोळा. गोळा घसरला की चाक पुढे ढकलणार, तोवर मागचा गोळा वर येणार, आणि हे असंच कायम. मीही गेलो होतो. चाक बंद पडलं की लोखंड कोणाला तरी विकावं लागणारच होतं. म्हाताऱ्याने सकाळीच घमेलं पालथं घातलं. ऊन चढत गेलं तसा तो तरुण कासावीस होऊ लागला. शेवटी म्हणाला, “बाबा, बेअरिंग गरम झालं. जरासा आराम देतो त्याले.”

“दे ना. पन कायमचं चालनाऱ्याले आराम कायले लागते रे बापू?”

गर्दी खो खो हसली. म्हातारा हसला नाही. चाक मंद होत होतं. त्याने मला बोटाने जवळ बोलावलं. “आता पाहा शेठ. थांबाच्या आधी ते मांगं पाह्यते.”

खरंच. थांबण्यापूर्वी ते चाक थोडं उलटं गेलं, पुन्हा किंचित पुढे आलं आणि मग थांबलं. दारापर्यंत गेलेला पाहुणा, काही राहिलं तर नाही ना म्हणून वळून पाहतो, तसं.

लोक उठले, बोलायचं ते बोलले आणि गेले. म्हातारा उठला नाही. हे तुम्ही नीट लक्षात ठेवा, कारण माझी तक्रार इथूनच सुरू होते. यंत्र थांबल्यावर त्याचं खरं बसणं सुरू व्हायचं. त्याने शिदोरी सोडली, भाकरी मोडली, ठेचा लावून अर्धी त्या तरुणापुढे धरली. “खाय लेका. खाल्ल्याबिगर काईच चालत नाई.” तो तरुण मान खाली घालून भाकरी चावत राहिला. लोखंडाचा भाव मी त्या दिवशी काढला नाही. दुसऱ्या दिवशी काढला.

इंझोरीला एका निवृत्त मास्तरांनी लोहचुंबकांचं काहीतरी केलं होतं. ते थांबलं, माणसं पांगली. मास्तरांची सून भीत भीत चहा घेऊन अंगणात आली, तर हे दोघे ज्वारीच्या जुन्या वाणांवर भांडत बसलेले. मास्तर त्या भांडणात जिंकले होते म्हणे, आणि खुशीत होते.

आता माझं सांगतो.

मी हातगाडीवर जुने नटबोल्ट विकत होतो तेव्हा मला शेठ म्हणणारा हा पहिला माणूस. तेव्हा ती चेष्टा होती. पुढे हातगाडीची टपरी झाली, टपरीचं पक्कं दुकान झालं; मोटारी, पाइप, मळणीयंत्राचं सामान. मग सगळेच शेठ म्हणू लागले. पण त्यांचा शेठ दुकानाला होता. बाजाराच्या दर दिवशी म्हातारा यायचा आणि एका नायलॉनच्या दोराचा भाव करायचा. दर वेळी तोच दोर, तेच भेंडोळं.

“काय लावला शेठ?”

मी सांगायचो.

“दोर हाये का सोन्याची साखळी?”

“घ्याचा असन त घ्या, नाई त बाजूले व्हा. गिऱ्हाईक खोळंबलं.”

“अन् मी कोन हावो?”

“तुमी डोक्याचा ताप!”

माझा आवाज चढायचा, त्याचा चढायचा, रस्त्यावरची माणसं थबकून पाहायची. मग चहा यायचा. दोर त्याने कधीच घेतला नाही. बांधायला त्याच्याकडे ना विहीर होती, ना बैल.

अशात मीच तसलं एक कायम चालणारं यंत्र विकत आणलं. मोटर एक जाड लोखंडी चाक फिरवणार, चाक जनरेटर फिरवणार आणि जनरेटरची वीज पुन्हा त्याच मोटारीला. सुरुवातीला विजेचा एक धक्का द्यायचा, मग वायर काढून फेकायची. बनवणाऱ्याशी मी भावासाठी अशी झुंज घेतली की त्याने अखेर हात जोडले. त्या झुंजीत माझी सगळी अक्कल खर्च झाली; यंत्र चालेल का, हे विचारायला उरलीच नाही. घासाघीस करून पाडून घेतलेली वस्तू मला नेहमीच खरी वाटत आली आहे.

बाजाराच्या दिवशी ते दुकानापुढे मांडलं. धक्का दिला, वायर काढली. चाक घुमत राहिलं. पण लोक चाकाकडे पाहतच नव्हते, गल्लीच्या तोंडाकडे पाहत होते. तो आला. घमेलं पालथं घातलं, रुमाल अंथरला, टेकला. “चालू द्या,” म्हणाला. “मी बसतो” हे पुढचं म्हणाला नाही. चाकाचा आवाज जरा खाली उतरला तसं त्याने एकदा चाकाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग उठला, घमेलं उचललं आणि आल्या वाटेने निघून गेला.

“अबे, बुढा बसला बी नाई!” कोणीतरी ओरडलं.

“म्हंजे बसाच्या बी लायकीचं नाई!”

झालं. गर्दी हसत हसत फुटली. यंत्र थांबलं ते त्यानंतर. थांबताना त्याने मागे पाहिलं की नाही, मला माहीत नाही. मी दुकानात पाइपांच्या आड उभा होतो. भाकरी मोडायला कोणी नव्हतं.

दुकान वाढवून मी तडक त्याच्या दारात गेलो. “किन्हीराजाच्या पोट्ट्यापाशी दिवसभर बसले. इंझोरीच्या मास्तरापाशी बसले. माह्यापाशी बसाले काय काटे टोचत होते?”

तो चूल पेटवत होता. “बसा शेठ.”

“नाई बसत!”

त्याने फुंकणी खाली ठेवली. “त्यायचं थांबलं की मी आपला घरी येतो. त्यायच्या दारात मले पुन्हा जा लागत नाई. तुमचं माह्या डोयापुढं थांबलं असतं, त बाजाराच्या दिवशी मी कुठी गेलो असतो?”

मी म्हटलं, ही पळवाट आहे. आजही म्हणतो. यंत्र त्याच्यासमोर थांबलं असतं तर मी त्याला चार शिव्या दिल्या असत्या आणि पुढच्या बाजाराला दोराचा भाव वाढवला असता. याहून जास्त काही झालं नसतं. चाकाला बोटही न लावता ज्याला त्याचं थांबणं कळायचं, त्याला माझं एवढं कळू नये?

पुढच्या बाजाराला तो आला. दोराला हात लावला. “काय लावला?” मी भाव सांगितला. “बरं,” म्हणाला. मी चहा मागवला, त्याने घेतला. माझा आवाज चढला नाही, त्याचाही नाही. दोन माणसं इतक्या सभ्यपणे भाव करू लागली की दुकानात बसवत नाही.

मग त्याचे गुडघे गेले. मुलगा गाडी घेऊन आला आणि पुण्याला घेऊन गेला. तिथून त्याचा एकदा फोन आला.

“काय लावला शेठ दोर?”

“वाढला. कसं हाये तिकडं?”

“इथी काईच थांबत नाई हो. रस्ता थांबत नाई, लिफ्ट थांबत नाई. लाइट त जातच नाई. मानसानं बसाव त कायच्यापुढं बसाव?”

“मंग या वापस.”

“दोर कमी करता काय?”

“एक पैसा नाई!” मी ओरडलो. तो पलीकडे हसला. बऱ्याच दिवसांनी हसला असावा, कारण मग खोकतच राहिला.

शेवटचा फोन मुलाचा होता. बाबा वारले, म्हणाला, दवाखान्यातच. मी विचारलं, जवळ कोण होतं?

“त्या वॉर्डात कोणाला बसू देत नाहीत, काका. आम्ही सगळे खाली होतो.”

मुलाला मी काय बोलणार? तो चांगला आहे. त्या दिवशी दुकानात आलेल्या गिऱ्हाइकांनी मात्र विनाकारण ऐकून घेतलं.

त्या यंत्रातली मोटर आणि जनरेटर मी केव्हाच विकले. चाक राहिलं आहे. दुकानाच्या मागच्या शेडमध्ये लाकडी घोडीवर चढवलेलं. गिऱ्हाईक येतं, भाव बरा येतो, सौदा मोडतो. मीच मोडतो.

परवा बाजाराचा दिवस होता. पुढे गर्दी होती. मी मागे गेलो, घमेलं पालथं घातलं, दोन्ही हातांनी चाकाला जोर दिला आणि बसलो.

“शेठ, हा पाइप काय लावला?” पुढून कोणीतरी विचारलं.

माझी नजर चाकावर होती.

“ओ शेठ! हाये का गेले?”

“थांबा जरासे!” मी ओरडलो. “बसलो हावो मी!”

गिऱ्हाईक पुटपुटत दुसरीकडे गेलं. चाक मंद होत गेलं. थांबायच्या बेताला आलं, तेव्हा ते मागे वळलं, किंचित पुढे आलं आणि थांबलं.

मी उठलो नाही.