कपाटातलं इंटरनेट

माझ्या मामाइतका संशयी माणूस अख्ख्या मुलुंडमध्ये नाही, आणि असलाच तर मामाचा पहिला संशय त्याच्यावर असेल. दूधवाल्यापासून डॉक्टरपर्यंत सगळ्यांकडे तो डोळे बारीक करूनच बघतो, पण त्याचं खरं वैर आहे ते घरातल्या लॅपटॉपशी. लॅपटॉपने 'अपडेट करू का?' विचारलं की मामा मोठ्याने म्हणतो, "का? काल बरा होतास ना?" आणि सरळ बंद करून टाकतो. मग ते बिचारं यंत्र कधीतरी मान टाकतं आणि मला घाटकोपरहून धावत यावं लागतं. मी कामाला बसलो की मामा पाठीमागे हात बांधून उभा. "हे काय दाबलंस? आधी सांग, मग दाब."

मामी आजारपणात वारली, पाठोपाठ लेक मीनल ऑस्ट्रेलियाला गेली, तेव्हा घरात इंटरनेट घ्यायचं ठरलं. स्थळं बघावीत तसं आम्ही ते बघितलं. केबलवाला तार टाकून देतो म्हणाला. मामा म्हणाला, "आपण कुठल्या मालिका बघतो ते त्याला आधीच कळतंय. आता उरलेलंही कळू दे?" सिमकार्डवर चालणारी डबी आणून दाखवली, तर ती तळहातावर तोलून म्हणाला, "एवढ्याशात मावतं? मग बाकीचं कुठे ठेवतात?" शेजारच्या काकू भल्या मनाने म्हणाल्या, आमचंच वापरा की. त्या दिवसापासून मामा त्यांच्याशीही जपून बोलायला लागला. शेवटी केबलवाल्याचंच घेतलं, पण ती तार नक्की कुठून येते हे बघायला मामा त्याच्यामागोमाग गच्चीपर्यंत चढला.

पासवर्ड तो वहीत लिहितो. पण वही चोराच्या हाती लागली तर? म्हणून प्रत्येक पासवर्डात एक अक्षर मुद्दाम चुकीचं. कुठलं, ते फक्त त्यालाच ठाऊक, आणि तेही दोन दिवस. लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर त्याने मामीच्या उरलेल्या पाकिटातली लाल टिकली चिकटवून टाकली होती, त्यामुळे वर्षभरात मीनलने बापाचं तोंड पाहिलं नव्हतं.

या सगळ्याचं मूळ त्याच्या नोकरीत आहे. मामा टेलिफोन ऑपरेटर होता; वीस वर्षं त्याने ट्रंककॉल जोडले. एकदा चहा पिता पिता त्यानेच कबूल केलं, "कॉल जोडला की कान काढून घ्यायचा, असा नियम होता रे. कोण काढतो? कुणाची आई गेली, कुणाचं लग्न मोडलं, सगळं मला आधी कळायचं." त्यामुळे मधे कोणीतरी बसून ऐकतंय, ही त्याची पक्की खात्री. रविवारी मीनलचा कॉल आला की हा तार केल्यासारखा बोलायचा. "बरा आहे. जेवलो. ठेवतो." तेवढ्यातही लाइन दोनदा तुटायची. मीनल मला रडवेली होऊन म्हणाली, "बाबाला माझ्याशी बोलायचंच नसतं रे." मला तेव्हा मामाचा मनापासून राग आला होता.

गेल्या महिन्यात मामाचा फोन आला. "आत्ताच्या आत्ता ये. मीनलचं उद्या ऑपरेशन आहे. लाइन मुद्दाम कोणीतरी तोडतंय." मी पोचलो. लॅपटॉप ठणठणीत होता. राउटर कुठाय, विचारलं, तर मामाने आधी दाराला कडी लावली, बनियनच्या आतून किल्ली काढली आणि लोखंडी कपाट उघडलं. मामीच्या साड्यांच्या घड्यांत राउटर लुकलुकत होता. कपाटाच्या मागच्या पत्र्याला भोक पाडून तार आत घेतली होती.

"इथे कशाला ठेवलास?"

"मग उघड्यावर ठेवू? कोणीही वापरेल."

"अरे मामा, एवढ्या लोखंडातून ते बाहेर कसं येणार? चोराला मिळत नाही, आणि तुलाही नाही!"

मामाचा चेहरा पडला. "बाहेर काढलं तर कोणी ऐकणार नाही, अशी खात्री देतोस?" मी उत्तर देणार तोच मीनलचा कॉल वाजायला लागला. मामाने स्वतःच राउटर उचलून टेबलावर ठेवला, नखाने टिकली काढून कपाटाच्या आरशाला लावली आणि म्हणाला, "ऐकू दे मेल्यांना."

मी चहाच्या निमित्ताने स्वयंपाकघरात सटकलो. बाहेर मामा बोलत होता. "मीनू, मला भीती वाटते गं. तुझी आई आजारी होती तेव्हाही वाटायची, पण मी तिला कधी बोललो नाही. तू बोल, मी नुसता बघतो." अर्धा तास लाइन एकदाही तुटली नाही. मामा डोळे पुसत आत आला.

"ऐकलंस ना सगळं?"

"छे, मी चहा करत होतो."

त्याने शेगडीकडे बोट दाखवलं. गॅस पेटवायचा राहूनच गेला होता.

मीनल आता बरी आहे. राउटर टेबलावर असतो, टिकली आरशावर. मामा अपडेटलाही आता नाही म्हणत नाही, लॅपटॉप बिघडत नाही, त्यामुळे मला बोलावणं येत नाही, आणि खरं सांगतो, चुकल्यासारखं वाटतं. परवा मीच फोन करून विचारलं, "मामा, काही बिघडलं नाही ना?"

"का रे? काय करून ठेवलंस तू?" मामा म्हणाला. मग म्हणाला, "रविवारी ये. मीनू असेल लाइनवर. ऐकायला ये."