वारुळापुढं चप्पल काढणारे तात्या

तात्या गेले. आज सकाळी.

बातमी खरी आहे. फोनवर बोलायला जमत नाही, म्हणून इथं लिहितोय.

तात्या म्हणजे माझे चुलते. आमच्या जळकोटचे विज्ञानलेखक. पेपरात दर रविवारी कॉलम असायचा. विषय काय, तर शेणकिडा, बाभळीचा डिंक, नाहीतर कोळ्याचं जाळं. काकू विचारायची, "माणसावर कवा लिवणार?"

देव मानत नव्हते. पण पाणंदीतल्या वारुळापाशी बसायचे ते चप्पल लांब काढून. तासन्‌तास.

लोकांनी ते बघितलं आणि व्हायचं तेच झालं. एवढा शिकलेला माणूस चप्पल काढतोय म्हणजे जागा जागृत! थोड्याच दिवसांत वारुळाला शेंदूर, नारळ, हिरवा खण. तात्यांचा चेहरा तेव्हा बघण्यासारखा होता.

मग पाणंदीचा रस्ता मंजूर झाला. वारूळ बरोब्बर मधे.

जेसीबी घेऊन गावातलाच दत्तू आला आणि शेंदूर बघून मशीन बंद करून बसला. गावही म्हणालं, देवाला हात नको.

तात्यांनी फक्त गप्प बसायचं होतं. वारूळ आपोआप वाचत होतं. मी कानात सांगितलंसुद्धा, आजच्या दिवस विज्ञान राहू द्या.

ऐकतील ते तात्या कसले!

"देव न्हाय हितं. वाळवी हाय."

दत्तूनं मशीन चालू केलं.

तात्या जागचे हलले नाहीत. म्हणाले, "आत बुरशीची शेती करती ती. काडीकचरा नेऊन त्यावर पीक घेती. आपण नांगर धरायच्या लई आधीपास्नं. पाया पडू नगा. पण शेतकरी हाय, एवढं ध्यानात ठिवा."

दत्तूनं मशीन पुन्हा बंद केलं आणि म्हणाला,

"उभ्या पिकात मशीन घालत नसतो आपण."

रस्ता वारुळाला वळसा घालून गेला.

खोटं बोलून जे वाचलं असतं, ते या माणसानं खरं बोलून वाचवलं. मला त्यांचा फार अभिमान वाटतो.

स्मशानभूमी त्याच रस्त्याला आहे. आज तिरडी विसाव्याला नेहमीच्या लिंबाखाली टेकवणार, तेवढ्यात खांदा दिलेला दत्तू म्हणाला, "जरा म्होरं चला. तात्यास्नी वारुळापशी टेकवू."

टेकवली. वारुळावरचा शेंदूर कधीच धुऊन गेलाय.

मी मागं वळून बघितलं. सगळ्या गावानं चपला लांब काढून ठेवल्या होत्या.

तात्या, निवांत जा. वारुळाकडं आम्ही बघतो.