सातशे वर्षांचा गंज आणि मूठभर चिंच

आमच्या घरातली सगळ्यात महाग वस्तू म्हणजे गंज होता, आणि तो मी चिंचेनं घासून काढला.

हा गंज बाबांच्या जपानी तलवारीच्या पात्यावर होता. बाबा डेट्रॉईटजवळच्या नोव्हायमध्ये आयुष्यभर गाड्यांचे गिअर डिझाइन करून रिटायर झाले, आणि जपानी सहकाऱ्यांच्या संगतीत त्यांना हा नाद लागला. बरं, घ्यायचं तर धड पातं घ्यावं! याच्या पोलादाला मधोमध फट, कुणीतरी कधीतरी कापून आखूड केलेलं, वर कारागिराची सहीसुद्धा नाही. आणि मी पडले कार्यकर्ती! सदोष माल आणि विषारी क्लीनर, दोन्हींविरुद्ध लायब्ररीच्या दारात उभी राहून पत्रकं वाटते. (लोक घेतात. पुढच्या कचराकुंडीपर्यंत तरी नेतात.)

"बाबा, हा डिफेक्टिव्ह पीस आहे. रिटर्न करा!"

"सातशे वर्षांनी? कुणाला?"

"मग एवढी किंमत कशाची मोजलीत?"

"वयाची. सातशे वर्षांचा माणूस भेटला, तर आधी त्याचे दात मोजशील का तू?"

हे वय ओळखतात कशावरून, ते बाबा पुढे सांगणारच होते. पण मी त्यांना मध्येच तोडलं, कारण माझा मुद्दा अजून संपला नव्हता.

शेवटी आईनं बाबांना पातं विकायला राजी केलं. त्या पैशांत तिला नवं किचन करायचं होतं. आमच्या किचनच्या कपाटाची दारं लाथ मारल्याशिवाय बंद होत नाहीत. बाबांनी ओहायोतला एक डीलर शोधला आणि तो विमानानं येणार तो दिवस निघाला नेमका खंडेनवमीचा! बाबांनी मूठ काढून पातं पांढऱ्या कपड्यावर ठेवलं, "हात लावू नका" म्हणाले आणि एअरपोर्टला गेले.

"घरातलं शस्त्र जातंय, तर जायच्या आधी त्याची पूजा तरी करू," आई म्हणाली. "तू देव घासतेच आहेस, तर हेही पुसून घे जरा. आणि ती पावडर घे गं, लवकर निघतं."

"आई, त्या पावडरीत काय काय असतं माहितीये तुला?"

"तुझं पत्रक नको वाचून दाखवूस. घास कशानंही!"

पातं तसं लख्खच होतं. फक्त मुठीच्या आत लपणारा दांडा काळाकुट्ट, गंजलेला. चिंच, मीठ, तारेची घासणी! असा निघाला म्हणता, की त्यात तोंड बघून मी टिकली सरळ केली. आईनं हळदकुंकू लावलं, अंगणातला झेंडू वाहिला. मी कौतुकानं फोटो काढून बाबांना पाठवला.

उत्तर आलं नाही. फोन आला.

"सायली." बाबांचा आवाज विहिरीतून यावा तसा. "तो दांडा चमकतोय का गं?"

"मग! नॅचरली केलंय, बाबा!"

"अगं, तो गंजच त्याचं वय होतं! डीलर सगळ्यात आधी तोच बघतो!" मागून कुणीतरी हसत इंग्रजीत काहीतरी विचारलं. "आम्ही निघालोय," असं बाबा कुजबुजले आणि फोन बंद झाला.

आई किचनच्या कपाटाकडे बघत राहिली.

मी धावत दोन घरं पलीकडच्या कर्णिककाकांना आणलं. काकांनी डेट्रॉईटच्या कंपन्यांमध्ये गाड्यांच्या गंजावरच काम केलेलं.

"काका, गंज हवाय. अर्जंट!"

काका दांड्याकडे बघून मटकन बसले. "अगं, माझं अख्खं करिअर गंज चढू नये म्हणून गेलं. चढवायचा कसा, हे यार कुणी विचारलंच नव्हतं!"

"मग उलटं करा ना!"

काकांनी मिठाचं पाणी केलं, व्हिनेगर घातलं, आईच्या हेअरड्रायरनं वाळवलं. आणि खरंच, गंज आला! केशरी! पावसात राहिलेल्या पोरांच्या सायकलसारखा. काका हरखले. "काय फास्ट आलाय बघ!"

"काका, हा आजचा दिसतोय!"

"आजचाच आहे गं तो. सातशे वर्षांचा हवा असेल तर थांबावं लागेल."

तेवढ्यात गराजचं दार वाजलं. काका मागच्या दारानं निघून गेले. (हेअरड्रायर घेऊन! कसा, ते त्यांनाही माहीत नाही.)

डीलर म्हणजे पांढऱ्या दाढीचे, हळू बोलणारे गृहस्थ. त्यांनी चष्मा बदलला, झेंडू बाजूला केला. दांडा उलटा केला, सुलटा केला. मग नाकाजवळ नेऊन वास घेतला.

"मी घासलं," मी इंग्रजीत ओरडले. "पण विषारी काही वापरलं नाही!"

"चिंच?" त्यांनी विचारलं. "मला थाय जेवण आवडतं."

मग ते बाबांना म्हणाले, की फट चालली असती, आखूडही चाललं असतं, त्या वयाला तेवढं माफ असतं. पण आता हे पातं सातशे वर्षांचं आहे हे मानायला फक्त तुम्ही आणि मीच उरलो.

"विकलं तर किती येतील?" आईनं विचारलं. त्यांनी आकडा सांगितला.

"एवढ्यात किचनचं काय होईल?"

त्यांनी किचनभर नजर फिरवली. "नळ," ते म्हणाले. "साधा."

नळासाठी बाबा पातं विकणार नव्हते. तोंड पाडायचा त्यांनी मनापासून प्रयत्न केला, पण जेवताना शिरा तीनदा घेतला. आई मात्र माझ्याकडेच बघत होती.

आता दर शनिवारी आमचं तेच जुनं किचन मी घासते. कपाटं, ओटा, सगळं. हात लावण्याआधी प्रत्येक डागाचं वय तेवढं आईला विचारून घेते.