गच्चीवरची राखण

पारनेरजवळच्या वृद्धाश्रमात माझी आत्या राहते. उन्हाळ्यात तिथं विरंगुळा म्हणून कॅरम मांडतात, आणि बायका हौसेनं गच्चीवर कुरडया घालतात. यंदा त्या कुरडयांची राखण एक आजोबा करत होते. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. पाण्याच्या टाकीच्या सावलीत, डोक्यावर ओला पंचा आणि मांडीवर गोफण घेऊन ते बसलेले असायचे. गोफणीत दगड नसायचा. कावळा उतरला की ती नुसतीच गरगर फिरवायचे. चिमण्यांसाठी मात्र मोडक्या कुरडयांचा चुरा कडेला ठेवलेला असे.

"बाबा, खाली पंख्याखाली कॅरम खेळा की," मी एकदा म्हणालो.

"कॅरम काय कावळं नेत्यात व्हय? हितं राखायला कायतरी हाय, म्हनून बरं वाटतं."

गेल्या रविवारी गेलो, तर आत्या डब्यात भरून ठेवलेल्या कुरडया पुन्हा साडीवर पसरत होती.

"अजून लई दमट लागत्यात रं," आजोबांना ऐकू जाईल अशा बेतानं ती म्हणाली.

मी एक उचलली, तर ती कटकन मोडली. आत्यानं डोळे वटारले.

"व्हय गं," मी मोठ्यानं म्हणालो, "दमटच हायेत."